हातात येणारा पगार

प्रिय वहिनी,

हाताशी फोन असताना ही बया पत्र का लिहितेय, असं म्हणून तू आधी दादाला हाक मारशील. मारू नकोस. हे तुझ्या एकटीसाठी आहे, आणि फोन का केला नाही ते शेवटी सांगते. आधी बातमी. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई काल घर बघून गेल्या. मी पडदे धुतले होते, शेगडी घासूनपुसून लखलखीत केली होती. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीचे गज हलवून पाहिले, औषधांचा डबा किती उंचावर आहे ते पाहिलं आणि लहान खोलीतल्या नव्या पलंगावर स्वतः बसून पाहिलं. पलंग कुरकुरला नाही.

मग चहा घेताना त्यांनी नेमका प्रश्न विचारला. एकटीनं लेक वाढवायची, तर कमाई पहिल्यापासून स्थिर आहे का? आताच्या चष्म्याच्या दुकानात मी नवीनच. त्याआधीची सगळी वर्षं भिंगं घासण्याच्या कारखान्यात गेली, तर जुन्या मालकांचं पत्र आणा म्हणाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मालक कारखाना विकून मुलाकडे निघून गेले, आता तिथे टायरचं दुकान आहे. माझ्या बाजूनं बोलायला कोण उरलंय? एवढ्याशा गोष्टीवरून माझी लेक अडणार! आणि तेव्हा, वहिनी, तू आठवलीस.

आठवतं, माझा पगार वाढून पहिल्यांदा कर लागू होण्याइतका झाला होता? मालकांनी प्रेमानं सुचवलं, थोडा पगार कागदावर दाखवू, उरलेला पाकिटात देऊ, म्हणजे कराची कटकटच नको. मी घरी नाचत आले. तू भाजी चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, पाकिटातला पगार घेणारी ती बाई कोण, कागदावर तिची ओळख कुठे आहे? तुझ्या कंपनीत पगारपत्रकं तूच करायचीस, सगळ्यांचा कर कापायचीस, म्हणून लोक तुला पाठीमागे कात्रीबाई म्हणायचे. मी त्या दिवशी तोंडावर म्हणाले. तू हसलीस आणि वर्षभराची मिळकत धरून, सवलती वजा करून, उरलेल्यावरचा कर बारा महिन्यांत कसा वाटतात ते समजावत बसलीस. बसमध्ये तिकीट चढल्यावरच काढतात, म्हणालीस; शेवटच्या थांब्यावर सगळ्यांकडून एकदम मागितलं तर निम्मे लोक मागच्या दारानं उतरतील. मी फुरंगटले, पण पूर्ण पगार कागदावर घेतला. हातात येणारा आकडा बघून पहिल्या महिन्यात रडूच आलं. तू मला नवी चप्पल घेऊन दिलीस आणि वर म्हणालीस, सरकारनं नाही, मी दिली.

तुझी दुसरी खोड त्याहून भारी. कर कापला म्हणजे झालं असं नाही, तो आपल्या नावावर भरला गेलाय का ते दर तिमाहीला बघायचं. एकदा खरंच भरलेला दिसेना. कारकुनानं माझ्या पॅन क्रमांकातला एक आकडा चुकवला होता आणि माझा कर कुणा परक्याच्या नावावर जाऊन बसला होता. मालक म्हणाले, सरकारकडे पोचला ना, मग बास! तू रजा टाकून आलीस, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, तुमच्या बायकोची साडी शेजारणीच्या घरी पोचवली तर चालेल का? चहा आला, तू घेतला नाहीस. कारकुनानं दुरुस्ती पाठवेपर्यंत तू उठली नाहीस. मी दाराआड लाजेनं अर्धी झाले होते आणि, आता सांगते, अभिमानानं दुप्पट.

काल कर खात्याच्या नोंदींतलं तेच सगळं बाईंसमोर उघडून दाखवलं. कारखाना नाही, मालक नाहीत, पण वर्षामागून वर्ष माझा पगार आणि त्यातून कापलेला कर माझ्याच नावावर हजर. ते चुकलेलं नि तू दुरुस्त करून घेतलेलं वर्षसुद्धा. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, मग अडचण काय आहे? मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. वहिनी, आई गेल्यावर माझ्यासाठी कुणी असं खुर्चीत बसून राहिलं असेल, तर ती तू. हे मी कधी बोलले नव्हते, आज बोलते.

आता पत्राचं कारण. दत्तकाच्या अर्जातला एक रकाना रिकामा आहे. मला काही झालं, तर मुलीला कोण सांभाळेल? बाई म्हणाल्या, सख्खा भाऊ आहे ना, त्याचं नाव घाला. दादा सोन्यासारखा आहे, पण तो पहिल्या चहालाच विरघळतो. मला तुझं नाव घालायचं आहे. फोनवर विचारलं असतं तर माझं वाक्य संपायच्या आत तू हो म्हणाली असतीस, आणि मला तसलं हो नको. चार दिवस घे, दादाशी भांड, तुझ्या गुडघ्यांचा विचार कर, मग सांग. नाही म्हणालीस तरी माझी वहिनी तूच. पण हो म्हणालीस, तर नाव तुझ्याच अक्षरात लिहून पाठव. माझी लेक चुकून दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला नको.

तुझीच,
पूर्ण पगाराची नणंद