सुमित्राचा गुंड

१२ जून २०२५
माळ्यावरून पाण्याचा पितळी गुंड उतरवताना हातातून सुटला. चूक शिडीची. पोटाला मोठा पोचा. सुमित्रा जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या माहेरची ही एकच वस्तू घरात उरली आहे. दुर्गेश्वरीचं लग्न दिवाळीनंतर. आमच्याकडे पोरगी सासरी निघताना मायच्या गुंडातून तुळशीला पाणी घालते. दुरुस्ती मीच करणार. आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचा ट्रेड शिकवला, झक नाही मारली.

१५ जून, सकाळी
चैतराम कासार येऊन गेला. म्हणे, सर, ठोकाचं असन त मधामधात तापवत जा, नाही त पितळ तडकते. मीच त्याला वर्क हार्डनिंग समजावलं. थंड ठोकला की धातू कडक होतो, लवकर झिजत नाही. झिजत नाही म्हणजे गंजणारही नाही, उघड आहे. चहा पिऊन गेला. अडाणी.

१९ जून
चार दिवस ठोकला. पोचा गेला. हातोडीच्या खुणा राहिल्या, त्या शोभतात. तापवला नाही. गरजच काय?

४ जुलै
गुंड गोठ्यालगतच्या खोलीत युरियाच्या पोत्यांमागे ठेवला. वासानं डोळ्यांतून पाणी येतं, चोर फिरकणार नाही. दुर्गेश्वरीनं विचारलं, बाबा, तिथं कायले ठेवून राहिले? म्हटलं, प्लॅनिंग आहे.

२८ सप्टेंबर
छत गळून एक पोतं भिजलं. गुंडावर काळे-हिरवे डाग, खुणांच्या कडेनं केसासारख्या रेघा. चिंचेनं घासला, डाग गेले. रेघा जुन्याच असाव्यात. चैतरामला दाखवावा असं मनात आलं. पण तो गावभर सांगेल.

२३ नोव्हेंबर
पाठवणी. दुर्गेश्वरीनं गुंड भरून कमरेवर घेतला. तुळशीपर्यंत पोचलीच नाही. गुंड माझ्या हातोडीच्या खुणांवरूनच फाटला, पोरीचा शालू भिजला. चैतराम पंगतीतून उठून आला. तुकडा पाहून म्हणे, ठोकलेल्या पितळेले गोठ्याचा अन् खताचा वास चालत नाही, सर. मी म्हटलं, मालच जुना होता.

दुर्गेश्वरी रडली नाही. हळूच म्हणाली, डॉक्टर मायले नागपूरले न्या म्हनत होते, तवाबी तुमी कोनाचं आयकलं नाही.

२४ नोव्हेंबर
रात्रभर झोप नाही. चूक माझी. गुंडाबाबतही आणि सुमित्राबाबतही. फोन करून पोरीला स्पष्ट सांगायचं ठरवलं.
दुपारी लावला. तिकडे थंडी किती आहे, तेवढंच विचारलं.