भूमिका तुमची, काम माझं

तीर्थरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात बसूनच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताई बरी आहे ना? इकडे सगळे ठीक, मी सोडून.

तुम्ही नेहमी विचारता, "नव्या कामात कोण? मरणारा की मारणारा?" आजवर मी न्यायाधीश झालो, खाटीक झालो, दोन नायिकांचा एकच बाप झालो, एकदा तर दाढी बदलून स्वतःच्याच खुनाचा तपास केला. तरी लोक रस्त्यात अडवून म्हणतात, "तुम्ही ते... हे ना?" मी हो म्हणतो. यंदा मात्र देव पावला! एका कडक हेडमास्तरची मुख्य भूमिका (मुख्य! पोस्टरवर चेहरा!) मिळाली. आता रागावू नका. तो हेडमास्तर म्हणजे नखशिखांत तुम्ही आहात. तुमचं खाकरणं, बोलण्याआधी चष्मा पुसणं, लावलेलं दार पुन्हा ओढून बघणं, सगळं उचललं. (विचारायला हवं होतं, पण तुम्ही नाही म्हणाला असता.) दिग्दर्शक बेहद्द खूश. "हा माणूस कुठून आणलात?" म्हणाला. म्हटलं, घरातलाच आहे.

मंगळवारपासून मात्र पाचावर धारण बसली आहे. प्रसंग असा, की हेडमास्तर एकटाच रडतो. कॅमेरा सुरू झाला, मी खाकरलो, चष्मा पुसला, आणि पुढे काही येईना. रडणं मला नवीन आहे का हो? पोटासाठी बादल्या भरून रडलोय! पण आलं ते त्या दोन नायिकांच्या बापाचं. दिग्दर्शकाने हात जोडले. लाइटवाल्याने माझ्याकडे न बघता दिवा बंद केला. सोमवारी शेवटची संधी, नाहीतर भूमिका दुसऱ्याला. आणि तो दुसरा काल मेकअपच्या खोलीत माझा कोट अंगाला लावून बघत होता. दाजी, तुमचं सगळं मला येतं, पण इतक्या वर्षांत तुम्हाला रडताना पाहिलेलं नाही. बायको म्हणते, "कांदा चिरा." आता हिला काय सांगू!

आपला,
नात्याने मेहुणा, सध्या कामापुरता तुम्हीच

ता.क. : ताईच्या ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणाले, तेव्हा तुम्ही उठून जिन्याच्या वळणावर गेलात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. तुमचे खांदे हलत होते. मी मागे आलो होतो, तसाच परत फिरलो. (नट असून!) भिंतीच्या बाजूने काय चाललं होतं, तेवढं सविस्तर लिहा. सोमवारच्या आत.

ता.क. दुसरा : ताई आजही म्हणते, "मी आत मरत होते आणि हे खुशाल खाली चहा पीत होते." तुम्ही ते कधी खोडून काढलं नाहीत. दाजी, मला नाही लिहिलंत तरी चालेल, पण तिला एकदा सांगा. (चालेल म्हणालो ते भिडेखातर. सोमवार विसरू नका.)