नाव नसलेला कॅमेरा

३ नोव्हेंबर, लातूर
आले बाई एकदाची! भोकरहून निघताना आई रडली, मी मात्र एसटीत खिडकीशी बसून गाणी ऐकत आले. ऑफिस एमआयडीसीत, बंद पडलेल्या डाळमिलच्या माडीवर. मिलवाल्यांना कॅमेरे बसवून द्यायचे, चित्रण क्लाउडवर ठेवायचं, हा धंदा. आम्ही चौघं: मालक रामलिंग सर, अ‍ॅप बघणारी ऋतुजा, कॅमेरे बसवणारा वैजनाथ आणि मी. क्लाउडचं बिल हाताबाहेर चाललंय, ते आवरायचं काम माझं. आधी सत्यम नावाचा मुलगा हे बघायचा. पुण्याला गेला म्हणे. सर मला ‘पंचशीला बेटा’ म्हणतात. छान वाटतं.

७ नोव्हेंबर
कुणीच वापरत नव्हतं ते सर्व्हर बंद केले, जुनं चित्रण स्वस्त जागी हलवलं. शिवाय एक सूचना लावली: खर्च अचानक वाढला की चौघांच्याही मोबाइलवर घंटी. सर इतके खूश, की सगळ्यांना गरम भजी. वैजनाथ लोह्याचा. अंगानं पहाड, बोलणं मात्र लई मऊ.

११ नोव्हेंबर
आज घंटी वाजली. एका कॅमेऱ्याचं चित्रण भराभर वाढतंय. त्याला नाव नाही, गिऱ्हाईक नाही. ऋतुजाला विचारलं तर ती मान वर न करता म्हणाली, त्याला हात नको लावूस. सर हसले, मी बघतो म्हणाले. पण बिलाचा जाब मलाच द्यावा लागणार ना?

१२ नोव्हेंबर
उघडून पाहिलं. पाहायला नको होतं.
आमच्याच पायाखालचं गोदाम. तुरीची पोती. खुर्चीला बांधलेला म्हातारा हमाल. वैजनाथनं पहार उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर — हाड बाहेर आलं. शेजारी सर चहा पीत बसलेले. मग कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी एका मिलमालकाला नावानं हाक मारली, सांगितलं की हा आता मजुरी वाढवून मागणार न्हाई.
खरा धंदा हा आहे. मारायचं आणि मारल्याचं चित्रण पाठवायचं.
मी चित्रण बंद केलं.

१३ नोव्हेंबर
एका चित्रणात सत्यम आहे. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. दात पोत्यांवर उडाले. तो हलायचा थांबला तरी वैजनाथ मारतच राहिला.
ऋतुजाला सगळं ठाऊक होतं. रडली. तोंड उघडलं तर तुझ्या भावाला खाली आणू, असं सरांनी बजावलंय तिला. तरी तयार झाली. उद्या दुपारी सर आणि वैजनाथ जेवायला गेले की सगळं चित्रण नांदेडला धम्मदीपमामाला पाठवायचं. मामा वकील आहे.

१४ नोव्हेंबर, दुपार
एवढं चित्रण एकदम बाहेर काढलं की त्याचाही खर्च पडतो. हे मला कळायला हवं होतं — मलाच! अर्धं गेलं आणि मीच लावलेल्या सूचनेनं मोबाइल वाजले. ऋतुजाचा, माझा — आणि जिन्यात दोन.

वैजनाथनं आत येऊन शटर ओढलं. ऋतुजा मध्ये उभी राहिली. एकच फटका. भिंतीवर तिचे केस चिकटलेत — उठत नाही ती —

बाथरूममध्ये आहे. मोबाइल टेबलावरच राहिला. पर्समध्ये ही डायरी तेवढी. सत्यमचं चित्रण गेलं, पूर्ण गेलं, मी बघितलं — मामा, ते आधी उघड —

कडी वाकतेय. वैजनाथ तशाच मऊ आवाजात, ‘ताई, उघडा की. सर खाली वाट बघायलेत.’

बिजागरी निघाली. आई, ऋतुजाच्या भावाला सांग, ती पळाली नाही, ती माझ्या पुढं उभी —