डाव्या हाताचा आहार

२ मार्च, संध्याकाळी ७
नव्या बरणीच्या सूचनापत्रकावर झाकण उघडणाऱ्या हातांचा फोटो येणार आणि हात माझे असणार, असं साहेबांनी आज सांगितलं. एकोणीस वर्षं कंपनीची सूचनापत्रकं लिहितो आहे. ‘बरणी सरळ धरा’ हे वाक्य माझं आहे. बाहेर कुणाला माहीत नाही. घरातही सांगावं लागलं. आता निदान हात तरी छापून येतील. फोटो २८ तारखेला.

साहेबांनी फक्त उजवा हात पाहिला. डावा खिशात होता. ही फसवणूक झाली का, यावर बसमध्ये विचार केला. खिशात किल्ल्या होत्या. फसवणूक नाही.

३ मार्च
डाव्या हाताची नखं वाढत नाहीत, हे मान्य करायला हवं. बायको म्हणते, वाढतील कशी, तुम्ही खाता ना. मी नखं खात नाही. कॉलेजात खायचो, तिसऱ्या वर्षी सोडली. तिला म्हटलं, शरीरात कशाची तरी कमतरता असणार. ती म्हणाली, आहे, पण नखांत नाही.

इंटरनेटवर वाचलं. प्रथिनं, लोह, झिंक, बायोटिन. ठराव: रोज दोन अंडी, पालक, मूठभर बदाम. बाहेरून लसूण घालून कोमट केलेलं तेल. तुलना करता यावी म्हणून तेल फक्त डाव्या हाताला, उजव्याला काहीही नाही. अंडी मात्र दोन्ही हातांना जाणार. यावर उपाय सुचला नाही.

७ मार्च
उजवा: वाढ अर्धा मिलिमीटर. डावा: उणे एक. मुलीची पट्टी आणून पुन्हा मोजलं. उणे एकच.

८ मार्च, संध्याकाळी साडेसात
लिहायला बसलो की तोंडाला लसणाची चव येते. जेवणात लसूण होता का, असं बायकोला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाली. म्हणजे तेल नखातून रक्तात आणि रक्तातून जिभेपर्यंत पोहोचतं आहे. वेळ: वीस मिनिटं. शोषण उत्तम.

१२ मार्च
मुलगी नववीत आहे. तिने सुचवलं, बाबा, कोरफडीचा गर लावून बघा. कुंडीतली कोरफड स्वतः कापून दिली. एरवी पाण्याचा ग्लास मागितला तर दोन हाका माराव्या लागतात. लेकीला बापाची काळजी आहे, हे बघून बरं वाटलं.

कोरफड भयंकर कडू असते. शोषण चार मिनिटांत. तीन ग्लास पाणी प्यायलो. दाराबाहेर मुलगी हसत होती. वयच असतं.

१७ मार्च
ऑफिसात दीड तास मीटिंग. आत गेलो तेव्हा डाव्या मधल्या बोटाला नख होतं. बाहेर आलो तेव्हा जवळपास नव्हतं. शेजारी बसलेल्या स्टोअरकीपरला विचारलं, टेबलाखाली काही पडलंय का. तो म्हणाला, टेबलाखाली तरी नाही.

कारण: एसी. कोरड्या हवेने नखं ठिसूळ होतात. ठराव: पाणी वाढवणे. बदाम दुप्पट.

२२ मार्च
बायकोचं म्हणणं खरं असेल तर, हा विचार पाठ सोडेना. म्हणून आज रजा काढून सकाळी नऊ ते दहा दोन्ही हात समोर ठेवून त्यांच्याकडे बघत बसलो. एकदाही तोंडाकडे गेले नाहीत. प्रश्न मिटला.

२८ मार्च, संध्याकाळी साडेसहा
फोटोग्राफर बाईंनी डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, कशात अडकला होता का. शेवटी साहेबांनी स्वतःचा डावा हात पुढे केला. नखं गुलाबी, चकचकीत. काय खाता, असं मी विचारलं. म्हणाले, काही नाही हो, चहा-बिस्किटं.

त्यांच्या हाताचा फोटो झाला आणि फोटोग्राफर बाईंचा दिवा उडाला. माझ्या उजव्या हाताचा फोटो उद्या दहाला. नंतर दोन्ही हात कॉम्प्युटरवर जोडणार आहेत. हरकत नाही. झाकण शेवटी उजवाच हात उघडतो.

घरी मुलीने तीन व्हिडिओ दाखवले. तिन्हीत मी हीच वही लिहितो आहे आणि डावा हात तोंडात आहे. एकात कोरफडीने डोळ्यांतून पाणी आलंय, तरी हात तिथेच. बायकोने विचारलं, आता काय म्हणणं आहे. माझं म्हणणं असं की दोष हाताचा नाही, रिकामेपणाचा आहे. उजवा हात लिहितो म्हणून तो शाबूत. ठराव: यापुढे रोजनिशी डाव्या हाताने.

२८ मार्च, सव्वासात
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं. ओळीला पाच मिनिटं. डावी नखं पूर्ण सुरक्षित. शब्द सुचायला मात्र वेळ लागतो आहे. उजव्या हाताला काही लावलेलं नाही. त्यामुळे चव नाही.

२९ मार्च
फोटो झाला. साहेबांचा डावा हात उघडा, माझा उजवा रबरी हातमोज्यात. मोजा कँटीनमधून आणला. साहेबांनी पत्रकात एक वाक्य वाढवून द्यायला सांगितलं. लिहून दिलं: ‘बरणी सरळ धरा. उजव्या हातात मोजा घालूनच झाकण फिरवा.’ कारण लिहू का, विचारलं. साहेब म्हणाले, नको.

घरी फोटो दाखवला. बायकोने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, यातला तुमचा हात कुठला.

म्हटलं, पिवळा.