काळ्या चौकटीतले आण्णा

१६ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. गुगळे सर म्हणाले, फोटोग्राफरनं वही ठेवलीच पाहिजे. फोटो कुठं काढला, उजेड कसा होता, काय चुकलं, सगळं लिहायचं. सर म्हणजे आमच्या 'नगरी नजर' ग्रुपचे ॲडमिन, रिटायर ड्रॉइंग मास्तर. ग्रुपात बँकेतले आहेत, कोर्टातले आहेत. सुप्याच्या कंपनीत खोकी पॅक करणारा मी एकटाच. शिक्षण नववी. पण उजेड काय शिक्षण विचारून पडत नाही. कॅमेरा सेकंडहँड असला तरी नजर नवी आहे.

संकल्प: रोज एक फोटो. आणि पुढच्या सुट्टीला गावी जाऊन आण्णांना नगरला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डावा आधीपासूनच अधू. आण्णा म्हणतात, हर्षल सोबत असला तरच जाईन. दिवाळीत शब्द दिलाय वडलांना. एका दिवसाचं काम आहे. होऊन जाईल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आजचा फोटो: टपरीवरचं कुत्रं, मागं सूर्य. ग्रुपवर टाकला. पार्थ म्हणाला, होरायझन वाकडा आहे. हा पार्थ नगरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याची लेन्स माझ्या हाताएवढी. मी लिहिलं, सुप्याला जमीनच उताराची आहे. त्यानं लिहिलं, मग कुत्रं घरंगळलं कसं नाही? सगळे हसले. सरसुद्धा.
ट्रायपॉड बघितला पाहिजे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या गावी जाऊन सोमवारी दवाखाना, असं ठरलं होतं. पण उद्याच ग्रुपची रेहेकुरीला ट्रिप निघाली. काळविटं. शांतपणे विचार केला. मोतीबिंदू हळूहळू पिकतो. काळवीट थांबत नाही.
आण्णांना फोन केला. गाव लांब पडतं, गाड्या नीट मिळत नाहीत, पुढच्या खेपेला नक्की. आण्णा म्हणाले, "येशील तवा ये. डोळा काय पळून चाललाय व्हय?" आईनं मागं काहीतरी आपटल्याचा आवाज आला. भांडं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहाटे भागवतची मोटारसायकल घेऊन रेहेकुरी. भागवत माझा रूम पार्टनर, आमच्याच गावचा. अंतर गावाइतकंच पडलं, पण ते वेगळं.
काळविटं दिसली. सगळी पाठमोरी. त्यातला बरा फोटो 'निरोप' नाव देऊन टाकला. पार्थनं विचारलं, कुणाचा? शेपटीचा?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
अश्विनीताईचा फोन. ताई कोल्हारला दिलेली. म्हणाली, आण्णांनी ज्वारीत उभ्या बुजगावण्याला रामराम घातला. उत्तर देईना म्हणून रागानं घरी आले आणि आईला म्हणाले, "मानसं लई माजलीत आजकाल." मी हसलो. ताई हसली नाही. म्हणाली, "तुला जमत नसंल तर तसं सांग, मी ह्यांना सांगते." दाजींना कशाला मध्ये घालायचं? घरचा मुलगा मी आहे. सांगितलं, डिसेंबरात पहिलं काम तेच.

जेवताना बुजगावणं डोळ्यासमोरून हलेना. मग वाटलं, त्याचा फोटो भारी येईल. संध्याकाळी, मागून ऊन. असं मनात आलं याची लाज वाटली. तरी लिहून ठेवतो, कारण सर म्हणतात कल्पना लिहून ठेवाव्यात.

६ डिसेंबर, शनिवार
या आठवड्याचा ग्रुपचा विषय 'मावळतीचा उजेड'. मी उद्या गावी निघालोच आहे. दोन्ही कामं एकाच एसटीत होतील.

७ डिसेंबर, रविवार. गाव
रविवारी दवाखाना बंद असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सोमवारची रजा सुपरवायझरनं दिली नसती. विचारली नाही. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

संध्याकाळी आण्णांना ओट्यावर बसवलं. तिरपं ऊन, सुरकुत्या, आणि उजवा डोळा पांढरा, वाटीतल्या दुधासारखा. मोनोक्रोम मोड लावून काढले. रंगाची भानगडच नाही, नुसता उजेड आणि माणूस.

आण्णा ताठ बसले. टोपी काढू का, विचारलं. मग दोन बोटांनी पापणी वर ओढून धरली. मी म्हटलं, असं नको, नेहमीसारखं बसा. तर म्हणाले, "डोळा नीट येऊ दी बाबा. डाक्तरला दाखवायचा हाय ना? त्याला न्हाई उमगलं तर तुलाच परत हेलपाटा."
त्यांना वाटतंय, मी दवाखान्यासाठी फोटो काढतोय.
मी बटण दाबत राहिलो. ऊन जात होतं.

१० डिसेंबर, बुधवार
फोटो टाकला. ग्रुप हादरला! सर: "या डोळ्यात आख्खं आयुष्य साठलंय." बँकवाले: "निःशब्द." पार्थ: "डोळ्यात चमक नाही. मेलेला वाटतो." जळतो. सरांनी सुचवलं, काळी फ्रेम दे, म्हणजे फोटो श्वास घेईल.

संध्याकाळी आण्णांचा फोन. आईकडून नंबर लावून घेतला होता. "काय म्हनला डाक्तर, फोटो बघून?"
भागवत समोरच बसला होता. म्हटलं, चांगला आहे म्हणाले. यात खोटं काही नाही. सर तसंच म्हणाले.
आण्णा म्हणाले, "मग घाई न्हाई. तू तुजं काम बघ."
भाकरी गेली नाही. भागवतला वाटलं, भाजी खारट झाली. दुसरी टाकायला निघाला होता.

१४ डिसेंबर, रविवार
ओव्हरटाइम लावून घेतला. घ्यायलाच पाहिजे असं नव्हतं.
आण्णांचा परत फोन. डॉक्टरनं काही लिहून दिलं का? माझ्या तोंडून निघून गेलं, फक्त फ्रेम द्या म्हणाले. आण्णा एकदम खूश. "फ्रेम? चष्म्याची व्हय? मंग आपरेशन टळलं म्हन की!" आईला ओरडून सांगितलं, "आगं, नुसत्या फ्रेमवर भागतंय!"
मी 'हं' म्हटलं. हं म्हणजे हो नव्हे.
रविवारी नक्की जातो आणि सगळं नीट सांगतो. म्हणजे पुढच्या रविवारी.

१८ डिसेंबर, गुरुवार. सकाळ
आठवड्याचा फोटो माझा! सरांनी काल जाहीर केलं. पार्थनं अंगठा टाकला, नाइलाजानं.
फ्रेम करून टाकली. चहूबाजूंनी काळी. वर आण्णांचं नाव, गहिनीनाथ. खाली 'मावळता सूर्य' आणि फोटोची तारीख. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव. आत्ता कामावर जाता जाता गावच्या ग्रुपवर टाकला. डीपीलाही तोच. कळू दे गावाला, हर्षल नुसती खोकी चिकटवत नाही.
मोबाईल कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर बघू काय म्हणतात.

दुपारी ३.२०
गाव हललं! नुसते जोडलेले हात आणि फुलं. सरपंचांनीसुद्धा फुलं टाकलीत, ज्यांनी कधी कुणाचं कौतुक केलं नाही. मामा: "शब्द नाहीत." शाळेतले गुरुजी: "एक पर्व संपलं." याचा अर्थ नीट लागला नाही. मोनोक्रोमबद्दल असावं.

३.३५
'भावपूर्ण श्रद्धांजली.' ओळीनं. खालपर्यंत.
फोटो परत उघडून बघितला. काळी चौकट. काळा-पांढरा माणूस. नाव, तारीख, 'मावळता सूर्य'. चौकातल्या फ्लेक्सवर कोपऱ्यात 'शोकाकुल' लिहून खाली पोराचं नाव असतं. माझं नाव तिथंच आहे. शोकाकुल तेवढं राहिलंय.

ताईचे मिस्ड कॉल, दाजींचे मिस्ड कॉल. आता कुणी उचलत नाही. आईचा मोबाईल बंद. भागवत रूमवर नाही. त्याचा मेसेज: "तू पुढं गेलास वाटतं. मी पांढरी टोपी घेऊन निघालोय. धीर धर भावा."
गावच्या ग्रुपवर लिहिलं, आण्णा जिवंत आहेत, हा कलेचा फोटो आहे. खाली लगेच उत्तर आलं: "अगदी खरं. अशी माणसं मरत नसतात." त्याखाली पुन्हा हात.

५.१०. नगर स्टँड
गावाकडं जाणारी पाथर्डीची गाडी अजून लागली नाही. घाईत टॉवेल, ब्रश सगळं राहिलं. कॅमेरा तेवढा आलाय.
फोटोग्राफी बंद. कायमची. निदान संक्रांतीपर्यंत.
समोर एक म्हातारा पायरीवर बसलाय, ऊन बरोबर अर्ध्या तोंडावर. पिशवीची चेन उघडली होती. परत लावली.

अंधार पडल्यावर. गाव
घराला कुलूप. अंगणात कुणीतरी लाकडं आणून टाकलेली.
शेजारच्या रतनबाई दारात आल्या. "आत्ता उगावलास व्हय रे? तुज्या भरवशावर ऱ्हायलं तर बापाची माती तिसऱ्या दिवशी झाली असती." मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. थांबेचनात. आण्णांना दुपारीच नगरला नेलंय, डोळ्याच्या दवाखान्यात. म्हणजे मी नगर स्टँडवर बसलो होतो तेव्हा आण्णा नगरातच होते.
रतनबाईंनी भाकरी वाढली. भूक लागली होती. याचीही लाज वाटली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. नगर, दवाखाना
ताईनं सगळं सांगितलं. माझ्याकडं न बघता, दाजींकडं बघून, जसं काही त्यांना माहीत नव्हतं.

दाजींच्या जीपमध्ये सासरची माणसं भरून ताई कोल्हारहून निघाली. वेशीपासूनच रडत. आण्णा ओट्यावर बसलेले. त्यांना दिसेना कोण आलंय. रडणं ऐकून त्यांनीच विचारलं, "कोन गेलं गं बाई?" ताईनं तिथंच मातीत बसकण मारली. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब भला मोठा हार घेऊन आले. हार कुठं ठेवावा त्यांना समजेना. आण्णांनी चाचपून बघितला. म्हणाले, "सत्कार हाय व्हय माजा? कशाबद्दल?" शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "असंच. तुमी चांगले हाय म्हनून." आणि घातला गळ्यात. मग आईनं चहा टाकला. कप पुरले नाहीत. भागवत टोपी खिशात घालून शेजाऱ्यांचे कप गोळा करत फिरला.

चहा झाल्यावर दाजी म्हणाले, "गाडी आलीच हाय, मानसंबी हायेत. उठा मामा, डोळा करून टाकू." आण्णा उठेनात. म्हणाले, हर्षलनं डॉक्टरला दाखवलंय, नुसत्या फ्रेमचं काम आहे. दाजींनी विचारलं, कोणता डॉक्टर? आण्णा म्हणाले, "नाव न्हाई ठाव. सुप्याकडचा कुनी मोठा हाय. नुसता फोटो बघून सांगतो."
इथं ताईनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, सगळ्यांना चहा आणतो. कुणी नको म्हणायच्या आत बाहेर पडलो.

ऑपरेशन सकाळी झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा फार पिकला होता, अजून थांबला असता तर अवघड होतं. इतके दिवस काय करत होतात? प्रश्न सगळ्यांना होता. उत्तर एकट्याकडं होतं.
आत नवी लेन्स बसवलीय. घरातली पहिली नवी लेन्स आण्णांना मिळाली. हा विनोद कुणाला सांगितला नाही.

२० डिसेंबर, शनिवार
पट्टी काढली. आण्णांनी आधी आईकडं बघितलं. "लई पिकलीस गं," म्हणाले. आई म्हणाली, "बगा, डोळा आला तर ह्ये बगत्यात." मग माझ्याकडं बघितलं. दाढी कर म्हणाले.

मग म्हणाले, "ज्या फोटुनं मला मारला त्यो दावा की." मी मोबाईल खिशातून काढेना. ताईनं स्वतःचा दिला.
आण्णांनी बघितलं आणि पलंगावर उठूनच बसले. "रंग गेलं! आगं, रंग दिसंना! डाक्तरला बोलवा!" नर्स पळत आली. हिरवा पडदा दाखवला. "हिरवा." ताईची साडी. "जांभळी." मग मोबाईल. "काळा." नर्सनं मोबाईल हातात घेतला, बघितला आणि मला म्हणाली, पेशंटला असलं काही दाखवत जाऊ नका.

सगळे हसले. आण्णांनी मोबाईल परत मागून घेतला. जवळ धरला, लांब धरला. तो डोळा त्यांनी स्वतः कधी बघितलाच नव्हता. घरातला आरसा त्यांच्या काय कामाचा होता? बराच वेळ बघत राहिले.
"येवढा पांढरा झालता?" म्हणाले. "आन् ह्यो बघून त्यो डाक्तर चांगला म्हनला?"
खोलीत आई, ताई, दाजी, दारात भागवत. मला आता सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं.
आण्णांनी चाचपायची सवय असल्यासारखा माझा हात शोधला आणि धरला. आता दिसत होतं, तरी.
"फसवलं तुला त्यानं पोरा," म्हणाले. "शिकल्याला न्हाईस म्हनून फसवलं. परत त्याच्याकडं जाऊ नगंस."
म्हटलं, नाही जाणार.