टिंगूची चूक आणि अकरा मिनिटांचं गवत

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार.

अक्षर पाहून चष्मा पुसू नका, ते मुळातच असं आहे. तुमची पाठ कशी आहे? माझा डावा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो, पण त्याला आता विचारतो कोण. हल्ली माझं सगळं काम कमरेच्या वर चालतं. दादाचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. (रविवारी संध्याकाळी तरी असावा, कारण माझा कार्यक्रम लागला की तो टीव्ही बंद करतो असं कानावर आलंय.) तीन आठवडे झाले, तुम्ही दोघंही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. तुम्ही तो फाडाल, पण आधी वाचाल, एवढं तुम्हाला ओळखतो.

चौदा वर्षं मी फुटबॉलच्या बचावफळीत खेळलो. तिथे बोलायचं नसतं, वेळेवर पाय घालायचा असतो. त्यामुळे टीव्ही वाहिनीने निवेदक म्हणून बोलावलं तेव्हा वाटलं, खुर्चीत बसून बोलायचं, त्यात काय मोठंसं! पहिल्याच दिवशी मेकअपवाल्या बाईंनी माझ्या टकलावर इतकी पावडर थापली की मान हलवली की कोटावर भुरभुरायची. शिवाय कानात एक बारीकसं यंत्र घालतात. त्यातून दिग्दर्शिका बाई सूचना देतात आणि त्या फक्त मलाच ऐकू येतात, हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, सरळ बसा, की मी थेट प्रक्षेपणात म्हणायचो, "बसलो." एकदा मी "बसलो, आता तुम्ही सांगा" म्हटलं, तर समोरचे पाहुणे, एक निवृत्त पंच, खूण करून दाखवायला उठले होते ते आपल्यालाच म्हटलं असं समजून घाईघाईने खाली बसले. दोन वर्षं गेली हे सगळं अंगवळणी पडायला. लोक रस्त्यात ओळखायला लागले. (खेळत होतो तेव्हा ओळखत नव्हते, बचावफळीतल्या माणसाचा चेहरा कोण लक्षात ठेवतं?)

आणि मग तो रविवार आला. आपला टिंगू (सहा फूट दोन इंच झाला तरी टिंगूच) पहिल्यांदाच मोठ्या सामन्यात पूर्ण वेळ खेळत होता, आणि सामन्यानंतरच्या चर्चेला खुर्चीत मी. सामना संपायला दहा मिनिटं असताना त्याने मागे न बघता चेंडू आपल्या गोलरक्षकाकडे ढकलला. मध्ये समोरच्या संघाचा माणूस उभा होता. गोल झाला, सामना गेला. आता त्या चुकीवर पडद्यावर बोटाने पिवळं वर्तुळ काढून सांगायचं, हे माझं काम. वहिनी, ज्या पोराच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या त्याच्याभोवती वर्तुळ काढायला माझं बोट उठेना. मी गवतावर बोलायला लागलो. गवत किती उंच हवं, ओलं असलं की चेंडू कसा अडतो, मुळं कुठवर जातात. अकरा मिनिटं. शेजारी बसलेल्या त्याच निवृत्त पंचांनी हळूच विचारलं, हा तुमचा पुतण्या ना? आणि कानात बाई म्हणाल्या, "एकतर चूक दाखवा, नाहीतर उद्यापासून बियाणं विका." मी घाबरलो. घाबरलेला बचावपटू काय करतो? नको तिथे पाय घालतो. मी म्हणालो, हा मुलगा बसची वाट बघत उभा असल्यासारखा खेळतो. दुसऱ्या दिवशी ते वाक्य गावभर प्रत्येकाच्या फोनवर होतं.

आठवडाभर त्याने माझा फोन घेतला नाही. शेवटी स्टुडिओतून तडक त्याच्या सरावाच्या मैदानावर गेलो, तोंडावरचा रंगसुद्धा न पुसता. तो कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसून बुटांचा चिखल काढत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, चूक माझीच होती. बसचं बोललास त्याचा राग नाही. त्याआधी अकरा मिनिटं मला लपवत बसलास, त्याचा आहे. आमच्यातले सगळे मला आता माळीबुवा म्हणतात."

मी त्याला लहान समजत होतो आणि सगळ्यांनी ते पाहिलं होतं. पुन्हा असं करणार नाही, एवढंच म्हणालो. त्याने दुसरा बूटही घासून काढला. मग उठला, माझ्या गालावरून एक बोट फिरवलं, बोटावरचा रंग पाहिला आणि आपला टॉवेल माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी त्याची एक जागा चुकली. मी पहिल्याच मिनिटाला वर्तुळ काढलं आणि कशी चुकली ते सांगितलं. नंतर त्याने एक चेंडू फार सुरेख काढून घेतला होता, तेही सांगितलं, आवाज न चढवता. घरी आलो तर त्याचा निरोप: "बरोबर." एवढाच. मी तो चार वेळा वाचला.

तर तुमच्या मुलाने मला माफ केलंय. तुमचं आणि दादाचं राहिलंय. घाई नाही, पण फार लांबवू नका.

आपला धाकटा

ता. क. आमच्या कार्यालयात फोन घेणारी मुलगी सांगत होती की तीन आठवडे रोज तक्रारी येतायत, या निवेदकाला ताबडतोब काढा म्हणून. पाच वेगवेगळ्या बायका आहेत म्हणे, पण पाचही जणी शेवटी एकच विचारतात, तो वेळेवर जेवतो का, गाल बसलेत त्याचे. वहिनी, फोन बंद करू नका. एवढे फोन दुसऱ्या कुणाला येत नाहीत म्हणून साहेबांनी मला आणखी एक वर्ष ठेवलंय.

आणखी एक. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो होतो. येत्या शनिवारी टिंगूचा सामना आहे. मी खुर्चीतून सुट्टी घेतली आहे आणि मैदानावर तीन जागा शेजारी-शेजारी धरल्या आहेत. कुणाला तरी लागेल या धास्तीने तुम्ही इतक्या वर्षांत ना माझा सामना समोर बसून पाहिलात, ना त्याचा. या वेळी दादाला घेऊन या. सगळा वेळ डोळे मिटून बसलात तरी चालेल. काय चाललंय ते मी शेजारी बसून सांगत जाईन. तेवढं आता मला येतं.