भाजी काय करू

सोमवार, सकाळ
...दूध तापलं, पाणी भरून झालं, ओट्यावर फडकं फिरवत मी विचारलं, आज भाजी काय करू. हे असते तर पेपरमागून म्हणाले असते, काहीही. जन्मभर हेच उत्तर. हे गेले, आता तेही नाही.

म्हणून पायथन शिकतेय, कॉम्प्युटरची भाषा. पुस्तकातून, कुणाच्या मदतीशिवाय. यादीत भाज्या भरायच्या, कॉम्प्युटर रोज एक निवडेल, मी ती करीन. लेक म्हणते, आई, तू धड जेवत नाहीस, घर बंद कर आणि आमच्याकडे ये. रविवारी बघायला येतेय. मी धड जेवते. काल चहा-बिस्किटं होती, पण पोटभर. प्रोग्राम उद्या तयार.

मंगळवार
पहिली भाजी घातली, कोबी. सुरळीत. दुसरी घालताच लाल अक्षरं : None मध्ये काही घालता येत नाही. None म्हणजे काहीच नाही. मग माझा कोबी कुठे गेला? कॉम्प्युटर जुना आहे.

बुधवार
कोबीऐवजी आधी बटाटा घातला. बटाटाही गडप. पुस्तकात छपाईची चूक असणार. रात्री चहा. डोकं कामात असलं की भूक लागत नाही, विद्वानांचं असंच असतं.

शुक्रवार
जावयांचा फोन. सहज विषय काढला, मदत म्हणून नव्हे. ते म्हणाले, आई, append ही आज्ञा भाजी यादीत घालते, पण उलट काही बोलत नाही. तुम्ही तिचं उत्तर घेऊन यादीच्या जागी ठेवता. उत्तर None, म्हणून यादीही None. नुसतं घालायला सांगा, उत्तराची वाट बघू नका. मी म्हटलं, तेच करणार होते.

हे बाजारातून आले की न बोलता सगळं फ्रीजमध्ये लावून ठेवायचे. मी आतून विचारायचे, आणलंत का काही? उत्तर नाही. चिडायचे मी. फ्रीज भरलेला असायचा.

रविवार, दुपार
प्रोग्राम बिनचूक. लेकीसमोर बटण दाबलं. कोबी. ती म्हणाली, वा, कर मग. फ्रीज तिनेच उघडला. आत दूध होतं. यादी भरली तरी फ्रीज भरत नाही, हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही.

लेकीने फ्रीज बंद केला. मी म्हटलं, आज बाजार बंद असतो. ती म्हणाली, नसतो. मग म्हणाली, पुढच्या रविवारी कॉम्प्युटर नको, फ्रीज दाखव. तोवर घर बंद करायचं बोलत नाही.

सोमवार
कोबीचा गड्डा आणला. अर्धा शिजवला आणि जेवले.